खांब चिकटवून संस्कृती उभी राहत नाही : सांस्कृतिक भवन समितीस खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
नियोजित सांस्कृतिक भवन समिती

विषय : जुनी कचेरी पाडून तिच्या जागी बांधायच्या भवनाचा मंजूर आराखडा

महोदय, महोदया,

आपल्या समितीने नव्या सांस्कृतिक भवनाचा आराखडा मंजूर केला आणि त्याचं रंगीत चित्र चौकातल्या फ्लेक्सवर लागलं. चित्राखाली लिहिलं आहे, 'आंतरराष्ट्रीय दर्जाची वास्तू, आपल्या संस्कृतीचा साज'. माझ्या हरकती मी रीतसर आवक विभागात दिल्या, पोच घेतली. उत्तर आलं नाही. पाडकाम सुरू व्हायच्या आत त्या लोकांच्या कानावर जाव्यात म्हणून आता सगळ्यांसमोर मांडते आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत अशा इमारतींची चित्रं लागलेली दिसतात आणि नाव खोडलं तर एका गावचं चित्र दुसऱ्या गावाला सहज चालतं. माझी मूळ हरकत याच गोष्टीला आहे.

मी आर्किटेक्ट आहे. या भागात शाळा, दवाखाने, घरं बांधण्यात माझी निम्मी हयात गेली. माझे आजोबा सुतार होते आणि पंचक्रोशीतली माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं त्यांच्या हातची होती. घर किती खणांचं, तुळई कुठल्या लाकडाची, छताखालच्या लाकडी पट्ट्यांचं किलचन किती दाट टाकायचं, साणं कुठे ठेवलं म्हणजे चुलीचा धूर वर निघेल आणि उजेड जात्यापाशी पडेल, हे ते कागदाशिवाय ठरवत. पुढे कॉलेजात मला ल कॉर्बुझिए, लुई कान, हसन फाथी हे परदेशी आर्किटेक्ट शिकवले गेले. घरचं शिक्षण आणि कॉलेजचं शिक्षण यांचं माझ्या मनात कधी भांडण झालं नाही. त्यामुळे बाहेरच्या संस्कृतींकडून काही घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. तुमच्या आराखड्याने निरनिराळ्या संस्कृतींची नुसती रूपं उचलली आणि एकीकडूनही काही शिकून घेतलं नाही, हे माझं दुःख आहे.

काचेपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे जाणार आहे आणि सगळ्यात जास्त त्रासही तिचाच होणार आहे.

भवनाची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे आणि ती तीन मजले अखंड निळ्या काचेची आहे. मार्चपासून जूनपर्यंत दुपारचं ऊन दिवस मावळेपर्यंत तिच्यावर थेट पडणार. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, हे मी आपल्याला सांगायला नको. ऊन काचेतून आत शिरतं, फरशी आणि खुर्च्या तापवतं आणि त्या तापलेल्या वस्तूंची धग काचेतून सहज बाहेर पडत नाही. ज्या देशांत कित्येक महिने सूर्याचं नीट दर्शन होत नाही, तिथे माणसाला नेमकं हेच हवं असतं. काचेच्या भिंतीमागे त्या हवेचं आणि तिथल्या पोलादाच्या कारखान्यांचं कारण आहे.

आणि तिथेही ती प्रत्येक वेळी निभावली असं नाही. ल कॉर्बुझिएने 1933 साली पॅरिसमध्ये निराधारांसाठी 'सिते द रफ्यूज' ही इमारत बांधली. तिची दक्षिण बाजू बंद काचेची. गारव्याची यंत्रणा पैशाअभावी बसलीच नाही आणि उन्हाळ्यात आतल्या माणसांचे हाल झाले. पुढे तिथे उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या आणि काचेसमोर ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या पात्या उभाराव्या लागल्या. हाच माणूस 1950 च्या दशकात अहमदाबादला आला, तेव्हा गिरणी मालक संघाच्या इमारतीला पश्चिमेकडून त्याने काँक्रीटच्या खोल, तिरप्या पात्या दिल्या. ऊन बाहेर राहतं आणि वारा आत येतो. पॅरिसचा आर्किटेक्ट आपल्या उन्हाकडून शिकला. त्याने 1933 साली केलेली आणि नंतर दुरुस्त करावी लागलेली गोष्ट आपण आज आपल्या लोकांच्या पैशाने पुन्हा का करायची?

त्याहून जवळचा दाखला पाँडिचेरीचा. अरविंद आश्रमाचं 'गोलकोंड' हे निवासस्थान अँटोनिन रेमंड यांनी आखलं. हा माणूस जन्माने बोहेमियाचा, नागरिक अमेरिकेचा, आणि काम करत होता टोकियोत. तीन देशांचे संस्कार घेऊन तो आपल्या किनाऱ्यावर आला, आणि त्याने इमारतीच्या लांब बाजूंना काचेच्या खिडक्याच ठेवल्या नाहीत. वाऱ्याप्रमाणे उघडझाप करता येणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवल्या, आणि छतावर हवेची पोकळी सोडून दुसरं आवरण घातलं. काँक्रीट युरोपातलं, बारकाई जपानातली, पण प्रत्येक निर्णय पाँडिचेरीच्या हवेला विचारून घेतलेला. आज ज्याला आपण आधुनिक वास्तुविचार म्हणतो तो असा तयार झाला आहे.

आता प्रवेशद्वारातले 'हेमाडपंती' खांब. हेमाद्री हा तेराव्या शतकातला देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बांधणीचं मोठेपण कशात आहे? घडीव काळे दगड खाचा आणि कुसवं करून एकमेकांत असे बसवायचे की मध्ये चुना भरावा लागत नाही. दगडाला दगडाचंच वजन धरून ठेवतं. औंढा नागनाथला जाऊन देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरून हात फिरवून पाहा, सांधा बोटाला लागतो का ते. तुमच्या निविदेतले खांब पोकळ फायबरचे आहेत, मागे लोखंडी चौकट आहे आणि ते बोल्ट व गोंदाने चिकटवायचे आहेत. ते कशाचाही भार घेत नाहीत. न चिकटवता उभं राहणं हीच ज्या बांधणीची विद्या, तिचा गौरव चिकटवलेल्या खांबांनी करायचा, हे मला मान्य होण्यासारखं नाही. गुलाबी झरोख्यांबद्दलही तेच. राजस्थानात झरोख्याच्या जाळीतून वारा येतो आणि उन्हाची तिरीप मोडते. तुमच्या चित्रातल्या झरोख्यांच्या मागे सलग वीटकाम आहे.

या ठिकाणी आपण म्हणाल, प्रभाव घ्यायचा तर घ्यायचा कसा? याचं उत्तर शोधायला मराठवाड्याच्या बाहेर जावं लागत नाही.

वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचं. ते आभाळातून पडलं नाही. कांचीच्या पल्लवांनी कैलासनाथाचं मंदिर बांधलं. बदामीच्या चालुक्यांचा दुसरा विक्रमादित्य कांची जिंकून आत शिरला, पण ते मंदिर त्याने उद्ध्वस्त केलं नाही. मंदिराची संपत्ती मंदिराला परत दिल्याचा त्याचा कन्नड लेख तिथल्या खांबावर आजही आहे. त्याच विजयाची आठवण म्हणून त्याच्या राणीने, लोकमहादेवीने, कर्नाटकातल्या पट्टदकलला विरूपाक्षाचं मंदिर बांधवलं आणि त्याची घडण कांचीच्या वळणाची ठेवली. पुढे चालुक्यांना हटवून राष्ट्रकूट आले, आणि त्यांनी वेरूळला आपलं सर्वांत मोठं काम काढलं, तेव्हा नजरेसमोर पट्टदकल होतं. म्हणजे हरलेल्या शत्रूची वास्तू पाहून जिंकणारा शिकला, आणि हे लागोपाठ दोनदा घडलं.

पण वेरूळच्या पाथरवटांनी नक्कल केली नाही, हे त्याहून महत्त्वाचं. कांची आणि पट्टदकलची मंदिरं दगडावर दगड रचत खालून वर गेली आहेत. इथे सह्याद्रीचा अखंड काळा कातळ होता, म्हणून काम वरून खाली आलं. आधी शिखर, मग भिंती, शेवटी जोतं. रचायचं मंदिर कोरायचं ठरलं की सगळा विचार उलटा करावा लागतो. एकदा उडालेला टवका परत लावता येत नाही. दक्षिणेचं रूप आलं, पण आपल्या दगडाची अट मान्य करून आलं. शेजारचं दहाव्या क्रमांकाचं लेणं, ज्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात, तिथे छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. लाकडी चैत्यगृहांची ती आठवण आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या त्रिविक्रम मंदिराची मागची बाजू अर्धगोल आहे, चैत्यगृहाच्या घडणीची, विटांची, आणि आज तिथे विष्णूची पूजा होते. माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी तेरला नेते आणि मगच वेरूळला. लहान इमारतीत विचार लवकर दिसतो.

याच मातीत दुसरं उदाहरण पाण्याचं आहे. मलिक अंबर हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आलेला माणूस. त्याने 1610 साली खडकी वसवली, जिचं आज छत्रपती संभाजीनगर झालं आहे, आणि तिला पाणी दिलं ते नहरीने. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून, उताराचा हिशोब धरून शहरात आणायचं ही विद्या इराण-अरबस्तानातल्या कोरड्या मुलखात वाढलेली. पण इथला उतार वेगळा, इथला खडक वेगळा, त्यामुळे मांडणी इथली झाली. पुढे अठराव्या शतकात पानचक्की झाली तीही डोंगरातून आणलेल्या पाण्यावरच. तिच्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. डोक्यावर पाणी, खाली मे महिन्यातही बसवेल अशी गार सावली. बीबी का मकबरा मलाही प्रिय आहे. त्याचा वास्तुरचनाकार अताउल्ला हा ताज उभारणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा होता आणि वडिलांच्या कामाचा ठसा तिथे लपत नाही. पण मला कुणी विचारलं की दुसऱ्या मुलखाची विद्या आपली कशी करावी, तर मी मकबऱ्याच्या आधी पानचक्कीच्या त्या दालनाकडे बोट दाखवीन. नळदुर्गच्या पाणी महालाकडेही दाखवीन. बोरी नदीवरचं धरण आणि त्या धरणाच्या पोटात बसायच्या खोल्या, आदिलशाही काळातल्या.

नांदेडला तख्त सचखंड श्री हुजूर साहिबची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात उभी केली. पंजाबची वास्तुशैली गोदाकाठी आली आणि आज तिच्याशिवाय नांदेडचं चित्र डोळ्यांसमोर येत नाही. एवढं सगळं पोटात घेतलेला आपला मुलूख. त्याची ओळख म्हणून फायबरचे खांब?

आधुनिक काळातले मोठे आर्किटेक्ट याच वाटेने गेले. आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला जर्मन आर्किटेक्ट वॉल्टर ग्रोपियसकडे शिकले आणि परत येऊन त्यांनी आयआयटी कानपूर उभं केलं. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या हाताखाली राहिले. अहमदाबादचं आपलं कार्यालय, 'संगत', बांधताना मात्र त्यांनी अर्धी जागा जमिनीत उतरवली आणि वरच्या कमानदार छतांवर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवले, ऊन परतवायला. 2018 साली त्यांना प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला. चार्ल्स कोरिया अमेरिकेत शिकले, आणि जयपूरच्या जवाहर कला केंद्रात त्यांनी नऊ चौकोनांचा नवग्रह मंडल घेऊन त्यातला एक चौकोन बाजूला सरकवला, कारण जयपूर शहराची मूळ आखणीही तशीच सरकलेली आहे. आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे फ्रान्सिस केरे बर्लिनला शिकले आणि गांदो या आपल्या गावी मातीच्या विटांची शाळा बांधली. पत्र्याचं छप्पर भिंतींपासून उंच उचलून धरलं, म्हणजे मधून वारा वाहतो आणि वर्ग तापत नाहीत. भिंती गावकऱ्यांनी रचल्या. त्यांना 2022 साली प्रित्झकर मिळाला. या चौघांनीही परदेशात जाऊन तिथली शिस्त, तिथलं गणित, तिथला प्रश्न विचारण्याचा धीर घेतला. एकानेही तिथलं एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी रूप, आणून दारात उभं केलं नाही.

आता कचेरीबद्दल. हे लिहिताना मला जड जातं आहे, कारण या मुद्द्यावर भावना तीव्र आहेत, आणि त्या माझ्याही आहेत.

जागेवर आज निजामाच्या काळातली कचेरी उभी आहे. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या जाड भिंती. पुढे खोल, कमानींची ओसरी. सागवानी वाशांवर विटा-चुन्याचं धाबं, आणि भिंतीत उंचावर गरम हवा बाहेर जायला झरोके. बैठकीच्या इतिवृत्तात नोंद आहे की ही इमारत गुलामीची खूण आहे, म्हणून ती पाडून तिथे गाड्यांसाठी जागा करावी. माझ्या आजीचं माहेरचं सगळं गाव निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या भीतीने रात्री शिवारात जाऊन झोपायचं. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, आमच्या घरी आजही गोडधोड होतं. त्या काळात काय सोसलं हे मला कुणी शिकवू नये. पण त्या ओसरीने कुणावर जुलूम केला नाही. दगड इथल्या वडारांनी फोडला आणि घडवला, वासे इथल्या सुतारांनी चढवले. 1950 साली हैदराबादचा कूळकायदा आला, तेव्हा जमीन कसणारी माणसं याच ओसरीवर बसून आपली नावं लागायची वाट पाहत होती. गुलामी संपल्याचीही ती खूण आहे. कांची जिंकणारा विक्रमादित्य पल्लवांच्या मंदिरापुढे थांबला. आपल्याला एका ओसरीपुढे थांबता येणार नाही का?

चीनमधले आर्किटेक्ट वांग शू यांनी निंगबो शहराच्या इतिहास संग्रहालयाच्या भिंती पाडलेल्या खेड्यांतल्या जुन्या विटा-कौलांनी रचल्या. त्यांच्यापुढे खेडी आधीच पाडलेली होती. आपल्यापुढे इमारत अजून उभी आहे.

कुणी म्हणेल, बाईंना जुन्याचं वेड आहे. तर किल्लारीबद्दल बोलते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होते. पडलेल्या घरांची मोजमापं घ्यायला गेलेल्या विद्यार्थ्यांत मी होते. जुन्या बांधणीने माणसं कशी मारली, हे मी पाहिलं आहे. गोट्या-मातीच्या जाड भिंती, आतला थर आणि बाहेरचा थर यांना जोडणारा आरपार दगडच नाही. वर माळवद, गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती टाकून टाकून जड झालेलं. हजारो माणसं झोपेत गेली. जिथे छत लाकडी खांब-तुळयांवर नीट तोललेलं होतं, तिथे भिंती ढासळूनही छत उभं राहिलेलं आम्ही पाहिलं. आजोबांच्या विद्येतलं काय टाकायचं आणि काय ठेवायचं, हे मला त्या ढिगाऱ्यांनी शिकवलं.

आणि त्यानंतरही काही शिकायला मिळालं. गावं नव्या जागी वसली, घरं पक्की झाली, त्याबद्दल मदत करणाऱ्या सर्वांचे उपकार आहेत. पण बरेचसे नकाशे दूर बसून आखले गेले. सरळ रुंद रस्ते, सारखे प्लॉट, मध्यभागी ठेवलेलं घर. ढाळज नाही, मग आल्यागेल्याने बसायचं कुठे? बंदिस्त अंगण नाही, मग बायांनी उघड्यावर वाळवण घालायचं कसं, न्हाणीला आडोसा कुठला? धान्याला बळद नाही, कडबा ठेवायला जागा नाही. काही वर्षांत लोकांनी आपल्या हाताने भिंती घातल्या, पडव्या काढल्या आणि त्या सारख्या घरांतून आपापली घरं पुन्हा घडवली. हसन फाथींसारख्या मोठ्या माणसाचंही इजिप्तमध्ये असं झालं. त्यांनी नवं गुर्ना गाव नुबियाच्या गवंड्यांकडून मातीच्या सुंदर कमानींनी बांधवलं, पण ज्यांच्यासाठी बांधलं त्यांतले बहुतेक तिथे राहायला गेलेच नाहीत. संस्कृती भिंतींत असते तितकीच माणूस कुठे बसतो, कुठे झोपतो, पाहुण्याला कुठे थांबवतो, यातही असते. त्याला न विचारता काढलेला नकाशा कितीही देखणा असला तरी अपुरा.

म्हणून विचारते : हे 'सांस्कृतिक' भवन आखताना आपण कुठल्या कलावंताला विचारलं? आराखड्यात आत एकच बंदिस्त सभागृह आहे, उंच रंगमंच आणि जागेला खिळलेल्या खुर्च्या. कीर्तनकार उभा राहतो, टाळकरी त्याच्या मागे, आणि श्रोते जमिनीवर, इतके जवळ की त्याला समोरच्याचा चेहरा दिसावा. भारुडाला लोक सगळीकडून हवेत. ही एकनाथांच्या पैठणची भूमी आहे, हे मी सांगायची गरज नसावी. गोंधळ रात्रभर चालतो, त्यात लेकरं निजतात, मधेच उठतात. मुशायऱ्यात शायर बैठ्या मंचावर ओळीने बसतात आणि दाद अंगावर यावी लागते. वली आणि सिराज औरंगाबादी हे उर्दू कवी ज्या मातीत लिहून गेले तिथे ही गोष्ट विसरता येत नाही. हलगी बंद खोलीत वाजवली तर कान फाटतात. यांतल्या एकाही कलेला तुमच्या सभागृहात तिची जागा नाही. खोल ओसरी, तिच्यापुढे झाडांच्या सावलीचं मोकळं पटांगण, पायऱ्यापायऱ्यांची बैठक आणि नाटकासाठी एक मध्यम सभागृह, एवढ्यात हे सगळं बसतं. ओसरी तर कचेरीने आपल्याला आयती दिली आहे.

शेवटची तक्रार थोडक्यात. निविदेच्या अटी अशा आहेत की बाहेरचा मोठा ठेकेदारच ती भरू शकतो, आणि कामांच्या यादीत घडीव दगडाचं किंवा चुन्याचं एकही काम नाही. काच बाहेरून येणार, पत्रे बाहेरून येणार, खांब साच्यातून निघणार. इथला गवंडी आणि पाथरवट पाया खणायलाच तेवढा लागणार. माझ्या ओळखीतले दगड घडवणारे चांगले हात आज रस्त्याच्या कामावर खडी पसरताहेत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कचेरीचं पाडकाम ताबडतोब थांबवावं. तिची मजबुती तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी, भूकंपाच्या दृष्टीने जे पट्टे आणि आधार द्यावे लागतील ते देऊन तिला नव्या भवनाचा भाग करावं. गाड्यांची सोय मागच्या मोकळ्या जागेत होते. मी जागा मोजून पाहिली आहे.

पश्चिमेची काच, एसीपीचे म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या थरांचे पत्रे, फायबरचे खांब आणि खोटे झरोखे निविदेतून काढावेत. त्याऐवजी अट अशी घालावी की मे महिन्यातल्या दुपारी ओसरी, दालनं आणि जिने यंत्राशिवाय वापरता आले पाहिजेत आणि वातानुकूलन फक्त नाट्यगृहापुरतं असावं. शैली कुठली हे समितीने ठरवू नये. आर्किटेक्टने पंजाबकडून घ्यावं, इराणकडून घ्यावं, जपानकडून घ्यावं, पण का घेतलं ते त्याने आराखड्यासोबत मराठीत लिहून द्यावं.

आराखड्यासाठी खुली स्पर्धा घ्यावी. आलेले सगळे नकाशे आणि नमुने याच कचेरीच्या ओसरीवर लोकांना पाहायला मांडावेत, लोकांचं म्हणणं लेखी घ्यावं आणि निवड का केली ते जाहीर करावं. तरुण आर्किटेक्टना भाग घेता यावा म्हणून उलाढालीची अट फक्त बांधकामाच्या ठेकेदाराला असावी.

समितीवर कीर्तन, शाहिरी, नाटक, गझल-मुशायरा आणि लोकवाद्यं यांतल्या कलावंतांना घ्यावं. त्यात बायका असाव्यात. निर्णय झाल्यावर सत्काराला बोलावू नये, नकाशा काढायच्या आधी बोलवावं.

दगड घडवणं, चुन्याचं काम आणि सुतारकाम यांचा दरसूचीत समावेश करून घ्यावा आणि या कामांचा ठरावीक वाटा जिल्ह्यातल्या कारागिरांना द्यावा. त्यांच्यासोबत शिकाऊ मुलं ठेवावीत, म्हणजे ही विद्या पुढच्या पिढीकडे जाईल.

कचेरीची पूर्ण मोजमापं, नकाशे आणि छायाचित्रं माझ्या विद्यार्थ्यांनी तयार केली आहेत. समितीला ती विनामोबदला द्यायला आम्ही तयार आहोत. पुढच्या बैठकीत म्हणणं मांडायला मला वेळ द्यावा, आणि ती बैठक नागरिकांसाठी खुली ठेवावी, ही विनंती.

कळावे,

आपल्याच शहरातली एक आर्किटेक्ट